हिंगणघाटच्या सुनेचा सूर

आपली आष्टी जिल्ह्याच्या एका टोकाला, हिंगणघाट दुसऱ्या टोकाला. कापसाचे गाव म्हणून आम्ही ते ओळखत आलो. पण २००९ साली घरोघरी टीव्हीपुढे बसलेल्या आयाबहिणींना हिंगणघाट कळले ते वैशाली माडे या नावाने.

वैशालीताई माहेरच्या भैसने. अमरावती जिल्ह्यातले खारतळेगाव हे त्यांचे गाव. लग्न होऊन त्या हिंगणघाटला आल्या. मुंबईत ओळख नाही, पाठीशी गायकांचे घराणे नाही. आधी मराठी 'सा रे ग म प' स्पर्धा त्यांनी जिंकली आणि २००९ साली झी वाहिनीची हिंदी स्पर्धाही जिंकली. मराठीतले यश आपल्या माणसांचे कौतुक म्हणून कुणी बाजूला सारले असते. हिंदीत तशी सोय नव्हती. तिथे देशभरचे गळे समोर होते.

स्पर्धा जिंकणारे पुष्कळ असतात, पुढच्या वर्षी त्यांचे नावही आठवत नाही. वैशालीताई टिकल्या. २०१५ च्या 'बाजीराव मस्तानी'त 'पिंगा' हे गाणे त्यांनी श्रेया घोषाल यांच्यासोबत म्हटले. २०१९ च्या 'कलंक'मधले 'घर मोरे परदेसिया'ही या दोघींचेच. ते गाणे एकदा नीट ऐका. नुसत्या गोड गळ्याने ते निभत नाही, त्यामागे रियाज लागतो.

आम्हाला बोलायचे आहे ते याच रियाजाबद्दल. चौदा एप्रिलला आपल्या विहारापुढे मुली काय सुंदर गातात! मंडळ टाळ्या वाजवते, वही-पेन बक्षीस देते आणि पुढल्या जयंतीपर्यंत पेटी कपाटात. मुलगी दहावी झाली की 'आता गाणे पुरे', लग्न झाले की तर विषयच संपला. वामनदादांची गाणी तोंडपाठ असलेल्या घरातही हेच चालते, हे आम्हाला खटकते. वैशालीताईंचे मोठे यश तर लग्नानंतरचे आहे.

दूर ब्रिटनमध्ये वेल्स नावाचा मुलूख आहे, शेतकऱ्यांचा आणि एकेकाळी कोळसा खाणीतल्या मजुरांचा. तिथे गावोगाव गायनाच्या स्पर्धा भरतात आणि पोरे लहानपणापासून त्यात उतरतात. ब्रिन टर्फेल हा तिथल्या शेतकऱ्याचा मुलगा अशाच स्पर्धांतून पुढे आला. १९८९ साली कार्डिफच्या मोठ्या स्पर्धेत त्याने गीतगायनाचे बक्षीस मिळवले आणि पुढच्याच वर्षी ऑपेराच्या, म्हणजे तिकडच्या संगीत नाटकाच्या, रंगमंचावर उभा राहिला. मजुरांच्या मुलखाने गाणे हे श्रीमंतांचे काम मानले नाही.

आपल्याकडेही वाट आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा 'प्रारंभिक'पासून 'विशारद'पर्यंत असतात. त्यांना जात विचारली जात नाही, घराणेही नाही. विहारातली पेटी रोज सकाळी तासभर उघडी ठेवायला मंडळाला एक पैसा लागत नाही. जाणत्या पेटीवाल्याला आठवड्यातून दोनदा बोलवावे, चहापाणी महिला मंडळाने पाहावे. आधी सा लावायला शिकवा, सिनेमाची गाणी मागून येतील. आणि सुनांनाही बसू द्या. पोळ्या थोड्या उशिरा झाल्या तर घर बुडत नाही.