वाटेतला वेळ वजा करताना

संगणक वेळ मोजतो तो क्वार्ट्झच्या एका चिमुकल्या स्फटिकाच्या कंपनांवरून. तापमान बदललं की या स्फटिकाची चाल बदलते. दहा लाखांत वीस भागांची चूक क्षुल्लक वाटते, पण तिच्यापायी घड्याळ दिवसाला पावणेदोन सेकंदांनी चुकतं. म्हणून संगणक अधूनमधून टाइम सर्व्हरला वेळ विचारतो. मात्र उत्तर हाती पडेपर्यंत ते शिळं झालेलं असतं. किती शिळं, हे दोन घड्याळं जुळलेली नसताना ठरवायचं कसं?

पुढे डेलावेअर विद्यापीठात प्राध्यापक झालेल्या डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या नेटवर्क टाइम प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे एनटीपीमध्ये, याचं फार देखणं उत्तर आहे.

समजा, आपल्या घड्याळात शून्य मिलिसेकंद असताना विचारणा निघाली. सर्व्हरच्या घड्याळानुसार ती १३०व्या मिलिसेकंदाला पोचली आणि १३१व्याला उत्तर सुटलं. ते आपल्याकडे आलं तेव्हा आपल्या घड्याळात १०१ वाजले होते. सुटण्याआधीच पोचलेलं उत्तर! घड्याळ मागे आहे, हे उघड झालं. आता किती? एकूण १०१ मिलिसेकंदांतला एक सर्व्हरकडे गेला. उरलेले शंभर प्रवासाचे. पन्नास जायला, पन्नास यायला. म्हणजे विचारणा पोचली तेव्हा आपल्याकडे ५० आणि तिकडे १३०. आपण ८० मिलिसेकंद मागे.

यात जाण्यायेण्याला सारखाच वेळ लागतो, हे गृहीत धरलंय. जाताना वाट मोकळी आणि येताना कोंडी असेल, तर हिशेब फसतो. त्यामुळे एनटीपी अनेक सर्व्हरना विचारतं, कमी वेळात आलेल्या उत्तरांवर जास्त विश्वास ठेवतं आणि बाकीच्यांशी न जुळणारा सर्व्हर बाजूला काढतं.

मला सर्वांत भावतो तो पुढचा संयम. एवढीशी चूक काढायला घड्याळाचे काटे ओढले जात नाहीत. त्याची चाल सेकंदाला फार तर अर्ध्या मिलिसेकंदाने बदलली जाते. वेळ एकदम मागे नेली, तर नंतरच्या व्यवहारावर आधीची वेळ पडेल.

पण सर्व्हरकडे खरी वेळ येते कुठून? भारतीय प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सीझियमच्या अणुघड्याळांवर राखते. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने इंटरनेट सेवा कंपन्या, डेटा सेंटर आणि सरकारी संस्थांना आपली घड्याळं या प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) सर्व्हरशी, नाहीतर त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरशी जुळवायला सांगितलं. सायबर हल्ल्याच्या तपासात अनेक यंत्रांच्या नोंदी एकत्र लावाव्या लागतात. घुसखोर आधी कुठल्या यंत्रात शिरला आणि तिथून कुठे गेला, हे त्या नोंदींवरच्या वेळेवरूनच कळतं.