आधी ऊन, मग माती, शेवटी रोप

घरच्या बागेचे यश रोपावर कमी आणि ते जिथे ठेवायचे त्या जागेवर जास्त अवलंबून असते. म्हणून कामाचा योग्य क्रम आधी ऊन, मग माती आणि सर्वांत शेवटी रोप असा आहे. प्रत्यक्षात बहुतेक घरांत हा क्रम उलटा असतो. नर्सरीत फुललेले रोप आवडते, ते घरी येते आणि मग ते कुठे ठेवायचे याचा विचार सुरू होतो. महिन्याभरात पाने पिवळी पडतात आणि आपल्या हाताला झाडे लागत नाहीत, अशी घरातल्या माणसाची समजूत होते. हाताला झाड लागणे असे काही नसते. ऊन, हवा, पाणी आणि मुळांना मिळणारी जागा यांचा मेळ बसला की कुणाच्याही हातचे झाड वाढते.

ऊन मोजण्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. एका सुट्टीच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर तासाला गॅलरीत, खिडकीत किंवा गच्चीवर नजर टाकावी आणि कोणत्या भागात किती वेळ थेट ऊन आहे ते कागदावर लिहावे. पूर्वेच्या गॅलरीत सकाळचे सौम्य ऊन येते. ते जवळजवळ सगळ्या झाडांना मानवते. पश्चिमेला दुपारनंतरचे ऊन असते आणि एप्रिल-मे महिन्यांत ते कोवळी पाने करपवते. दक्षिणेला दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत ऊन पार आत येते, कारण त्या काळात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर सूर्य मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस बरोबर डोक्यावर येतो. मधल्या काळात दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. उत्तरेच्या गॅलरीला जे काही थेट ऊन मिळते ते त्याच सुमारास, आणि त्यातलेही बरेचसे ढगांत जाते. म्हणून एकदा काढलेली नोंद वर्षभर पुरत नाही. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात एकेकदा ती नव्याने करावी आणि कुंड्यांची जागाही बदलावी.

टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी आणि भाज्यांचे वेल यांना रोज सहा तासांच्या आसपास ऊन हवे. मेथी, पालक, माठ, कोथिंबीर तीन-चार तासांवर निभावतात. त्याहून कमी ऊन, पण भरपूर उजेड असेल तिथे पुदिना आणि अळू तग धरतात. फक्त उजेडच येत असेल तर मनी प्लांट, सर्पपर्ण यांसारखी शोभेची झाडे लावावीत आणि फळभाजीचा हट्ट सोडावा. सावलीत लावलेला टोमॅटो उंच वाढतो, पाने धरतो, पण फळत नाही.

गच्चीवर बाग करायची तर आणखी एक हिशेब आधी करावा लागतो, तो वजनाचा. पाण्याने भिजलेली माती लिटरला पावणेदोन ते दोन किलो भरते. एक चौरस मीटर जागेवर मातीचा फक्त १५ सेंटीमीटर जाडीचा थर दिला तरी भिजल्यावर त्याचा भार अडीचशे किलोच्या पुढे जातो. वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार चौरस मीटरला सुमारे १५० किलो आहे. त्यामुळे गच्चीवर मातीचे वाफे घालण्याचा विचार इमारतीच्या अभियंत्याला विचारल्याशिवाय करूच नये. जड कुंड्या स्लॅबच्या मधोमध न ठेवता कडेला, खाली तुळई किंवा खांब असेल तिथे ठेवाव्यात. कुंडीखाली विटा द्याव्यात, म्हणजे पाणी साचत नाही आणि गळती सुरू झाली तर ती लगेच दिसते.

या वजनाच्या अडचणीवरचा मार्ग महाराष्ट्रातल्या शहरी बागेत आधीच शोधला गेला आहे. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. पालापाचोळा, सूर्यप्रकाश आणि मुळांचे शास्त्र समजून घेतले तर थोड्या जागेतही भरपूर पिकवता येते, हा विचार त्यांनी ‘विपुलाच सृष्टी’ या पुस्तकातून मांडला. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाची चिपाडे, पिशव्या आणि पिंपे वापरून अगदी थोड्या मातीत गच्चीवर भाज्या आणि फळझाडे घेऊन दाखवली. पुढे २००२च्या सुमारास मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपाहारगृहातला ओला कचरा जिरवत बाग उभी केली. या तिन्ही कामांचा गाभा एकच आहे: माती विकत आणायची वस्तू नाही, ती घरी तयार करता येते.

कुंडीतली माती कशी असावी, हे शेतातल्या मातीवरून ठरवता येत नाही. देशावरची काळी माती शेतात कितीही कसदार असली तरी कुंडीत त्रास देते. ती भिजली की फुगते आणि मुळांची हवा कोंडते. वाळली की कुंडीच्या कडेपासून सुटते आणि घातलेले पाणी त्या फटीतून थेट खाली निघून जाते. कोकणातली लाल माती निचऱ्याला चांगली, पण पाणी आणि अन्न धरून ठेवण्यात कमी पडते. यावर सर्वसाधारण उपाय असा की एक भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट एकत्र करावे आणि प्रत्येक कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. कोकोपीटची पाच किलोची वीट भिजवल्यावर सुमारे ७० लिटर होते. त्यात क्षार असू शकतात, म्हणून ते एकदा धुऊन घ्यावे. कोकोपीट पाणी धरते, पण झाडाला अन्न जवळजवळ देत नाही. नुसत्या कोकोपीटमध्ये लावलेले रोप आठ-पंधरा दिवस टवटवीत दिसते आणि मग थांबते, त्याचे कारण हे आहे.

खत घरी करण्यासाठी भोके पाडलेली बादली किंवा जुना माठ पुरतो. तळाशी वाळकी पाने किंवा नारळाच्या शेंड्या, त्यावर भाज्यांची देठे, साली, चहाचा चोथा, त्यावर पुन्हा वाळकी पाने, असे थर देत जावे. ओल्या कचऱ्याच्या दुप्पट-तिप्पट आकारमानाची वाळकी पाने हवीत, कारण कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्रापेक्षा कर्ब कितीतरी जास्त लागतो. सुरुवातीला मूठभर जुने खत किंवा शेणकाला घातला की काम लवकर सुरू होते. चार-पाच दिवसांनी ढवळावे. वास येऊ लागला तर कचरा फार ओला झाला आहे, हवा कमी पडते आहे, असे समजावे आणि आणखी पाने घालावीत. दोन-तीन महिन्यांत काळसर, भुसभुशीत आणि पावसानंतरच्या जमिनीसारख्या वासाचे खत हाती येते. शिजलेले तेलकट अन्न, मांस, मासे सुरुवातीला टाळावेत. हिवाळ्याच्या अखेरीस अनेक सोसायट्यांच्या आवारात पानगळ झाडून जाळली जाते. तो ढीग एखाद्या कोपऱ्यात जाळीच्या कुंपणात साठवला तर आख्ख्या इमारतीच्या कुंड्यांना वर्षभर पुरेल इतका माल असतो. तो जाळणे ही मोठी नासाडी आहे आणि ती थांबवण्यासाठी सोसायटीच्या एका सभेत विषय काढणे पुरेसे ठरू शकते.

दाभोलकरांच्या परंपरेतले ‘अमृतजल’ हे द्रवखतही सोपे आहे. दहा लिटर पाण्यात एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र आणि ५० ग्रॅम गूळ कालवून तीन दिवस रोज दोन-तीन वेळा ढवळायचे आणि चौथ्या दिवशी दहापट पाणी घालून झाडांना द्यायचे.

कुंडीचा आकार मुळांवरून ठरतो. मेथी-कोथिंबिरीला १५ सेंटीमीटर खोलीचा पसरट खोका पुरतो. मिरचीला दहा लिटरची, टोमॅटोला पंधरा-वीस लिटरची, दुधी-दोडक्यासारख्या वेलाला तीस लिटरच्या आसपासची आणि लिंबाला त्याहून बरीच मोठी कुंडी हवी. फळांचे खोके, तेलाचे डबे, धुतलेल्या रंगाच्या बादल्या, फुटके माठ हे सगळे चालते. तळाला भोके मात्र हवीतच. रसायनांची पिंपे भाजीसाठी वापरू नयेत. कल्पकतेला इथे भरपूर वाव आहे. गॅलरीच्या गजांवर वालाचा वेल चढवला तर सावली, आडोसा आणि शेंगा तिन्ही मिळतात. टोमॅटोशेजारी झेंडू लावला तर फुले मिळतात आणि मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींचा उपद्रवही कमी होतो.

बाग करणारा प्रत्येक जण वाकू शकतो, जड उचलू शकतो, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक सोडले तर बागेची रचनाच बदलते. गुडघे दुखणाऱ्यांसाठी किंवा खुर्चीत बसून काम करणाऱ्यांसाठी कुंड्या ६० ते ७५ सेंटीमीटर उंचीच्या मजबूत बाकावर ठेवाव्यात. चाकांच्या खुर्चीवरून काम करायचे असेल तर वाफा टेबलासारखा, खाली गुडघे जातील असा हवा. एका बाजूने हात साधारण ६० सेंटीमीटरपर्यंत पोचतो, म्हणून भिंतीला टेकलेला वाफा त्याहून रुंद असू नये. दोन्ही बाजूंनी जाता येत असेल तर दुप्पट चालतो. मधली वाट किमान ९० सेंटीमीटर ठेवावी. दहा लिटर पाण्याचे वजन दहा किलो होते, त्यामुळे दोन लिटरची झारी किंवा नळाला जोडलेली हलकी नळी बरी. पकड कमजोर असेल तर खुरप्याच्या मुठीला कापड किंवा फोम गुंडाळून ती जाड करावी. मोठ्या कुंडीखाली चाकांची पाटी असली की ऊन बदलले तरी ती एकट्याने हलवता येते. दृष्टी अधू असलेल्यांसाठी पुदिना, तुळस, पानओवा, गवती चहा आणि मोगरा ही झाडे मोलाची आहेत, कारण ती स्पर्शाने आणि वासाने ओळखता येतात. प्रत्येकाची जागा मात्र ठरलेली असावी. लहान मुलांना मेथी द्यावी. ती तीन-चार दिवसांत उगवते आणि महिन्याभरात ताटात येते. मुलांचा धीर तेवढाच असतो. मुले असलेल्या घरात कण्हेर आणि डायफेनबाकिया ही विषारी झाडे मात्र ठेवू नयेत.

काय लावायचे हे पंचांगापेक्षा पावसावर ठरते. पहिल्या पावसानंतर दोडका, दुधी, कारले, काकडी, भेंडी, गवार, चवळी लावावी. दसऱ्यानंतर टोमॅटो, वांगी, पालक, मेथी, मुळा, कोबी. कोथिंबिरीला थंडी मानवते. उन्हाळ्यात ती लवकर फुलावर येते. धणे अखंड न पेरता हलके रगडून दोन भाग करून पेरावेत. उन्हाळ्यात माठ, राजगिरा, अंबाडी तग धरतात. मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पुण्यात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. मुंबईतल्या माळ्याची काळजी पावसाळ्यातल्या निचऱ्याची असते, तर पुण्यातल्याची एप्रिलमधल्या कोरड्या हवेची. ज्यांना वर्षभर चालणारी सोपी झाडे हवी असतील त्यांनी सदाफुली, पानओवा आणि कढीपत्ता यांपासून सुरुवात करावी.

जास्त पाणी हे कुंडीतल्या झाडाच्या मरणाचे नेहमीचे कारण आहे. मुळांनाही हवा लागते आणि सतत भिजलेल्या मातीत ती मिळत नाही. बोट मातीत दोन पेरे खुपसावे. आत ओल लागली तर पाणी देऊ नये. मातीवर वाळक्या पानांचा थर असला की उन्हाळ्यातही पाणी बरेच वाचते. कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा तरी रिकाम्या करून घासाव्यात. डेंगीचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा-दहा दिवसच लागतात.

किडींपैकी मावा आणि पिठ्या ढेकूण घरच्या बागेत हमखास येतात. खोडावर मुंग्यांची रांग दिसली की पानामागे पाहावे. किडींच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्यांची राखण करतात. आधी पाण्याचा जोरदार फवारा मारावा. मग लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि साबणाचे थोडे थेंब घालून संध्याकाळी फवारावे. लिंबू किंवा कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी किंवा हिरवी जाड अळी दिसली तर ती मारण्याची घाई करू नये. ती फुलपाखराची अळी असते. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेले नीलवंत, म्हणजे ब्ल्यू मॉरमॉन, लिंबूवर्गीय झाडांवरच वाढते. चार पाने खाल्ल्याने मोठे झाड मरत नाही.

वेलाला फुले भरपूर आणि फळ एकही नाही, ही तक्रार उंच मजल्यांवर नेहमी ऐकू येते. दुधी, दोडका, कारले यांची नर आणि मादी फुले वेगळी असतात. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ दिसते. मधमाश्या फिरकत नसतील तर नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलावर हलकेच लावावेत. काकडी, कारले, लाल भोपळा यांसाठी सकाळी आणि दोडका, दुधी यांसाठी संध्याकाळी, कारण त्यांची फुले तेव्हा उमलतात.

बियाणे जपणे हे या सगळ्यातले सर्वांत कमी खर्चाचे आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे. संकरित बियाण्यापासून घेतलेले बी पुढच्या पिढीत तसेच्या तसे उतरत नाही; देशी वाणाचे उतरते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बियाणी जपली आणि त्या कामासाठी त्यांना २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली. घरच्या बागेत सुरुवात वाल, चवळी आणि टोमॅटोपासून करावी. त्यांच्यात परागांची सरमिसळ कमी होते. काकडीवर्गातल्या वेलांत ती सहज होते. या पावसाळ्यात देशी वालाचा एक वेल लावावा. त्यावरच्या पहिल्या भरदार शेंगा भाजीसाठी खुडू नयेत, वेलावरच वाळू द्याव्यात. मग बी राखेत घोळवून काचेच्या बाटलीत ठेवावे आणि त्यातले मूठभर शेजारच्या घरीही द्यावे.