बाडमेरचे तेल, गवारीचा डिंक आणि रिठा

राजस्थानातील ज्या बाडमेर जिल्ह्यात गवारीचे पीक घेतले जाते, त्याच जिल्ह्याच्या भूगर्भात २००४ साली मंगला हे तेलक्षेत्र सापडले. तेथील मेणाळ तेल वालुकाश्माच्या सूक्ष्म रंध्रांत साठलेले आहे. अशा क्षेत्रांत नैसर्गिक दाब ओसरल्यावर पाणी सोडून तेल पुढे रेटावे, ही जुनी तजवीज. परंतु पाणी तेलाहून पातळ असल्यामुळे ते वाट काढून एकटेच पुढे निघून जाते, आणि जे तेल मागे राहते ते तेल व पाणी यांच्या सीमेवरील ताणामुळे रंध्रांत थेंबाथेंबाने अडकून बसते. परिणामी मूळ साठ्याचा निम्म्याहून अधिक भाग बहुधा खडकातच राहतो. पहिल्या दोषावर पाणी दाट करणारे बहुवारिक (पॉलिमर) हा उपाय असून मंगला क्षेत्रात तो मोठ्या प्रमाणावर अमलात आलेला आहे. दुसऱ्यावर साबणाच्या जातीचे, ताण उतरविणारे द्रव्य लागते.

प्रचारातले बहुवारिक खनिज तेलापासूनच बनते. तेव्हा त्याच्या जागी गवारीचा डिंक वापरावा, हा विचार साहजिक आहे. अमेरिकेत शेल खडक फोडण्यासाठी हाच डिंक इतका खपला की २०१२ च्या सुमारास त्याचे भाव आकाशाला भिडले. तथापि हा दाखला येथे जसाच्या तसा लागू करणे मला धोक्याचे वाटते. खडक फोडताना डिंकाचे काम काही तासांत संपते आणि नंतर त्याच्या रेणूंची साखळी मुद्दाम तोडली जाते; उलट येथे त्याला एका विहिरीपासून दुसरीपर्यंत महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, उष्णता आणि क्षार सोसत अभंग राहावयाचे असते. जीवाणू त्याला खातात, आणि बियांचा न विरघळलेला गाळ रंध्रे बुजवितो. जी विघटनशीलता जमिनीवर गुण, तीच भूगर्भात वैगुण्य ठरते.

दुसऱ्या दोषावर रिठ्यातील सॅपोनिन हे साबणासारखे द्रव्य वापरावे म्हटले, तर त्याचीही अडचण आहे. त्याने ताण उतरतो खरा, परंतु अडकलेला थेंब सुटण्यासाठी तो हजारो पटींनी उतरावा लागतो. शिवाय द्रव्याचा बराचसा अंश खडकालाच चिकटून वाया जातो. म्हणून वनस्पती जशीच्या तशी न वापरता एरंड, करंज यांसारख्या अखाद्य तेलांवर रासायनिक संस्कार करून साबणद्रव्ये बनविणे मला अधिक आशादायक वाटते. एरंडीच्या उत्पादनात तर शेजारचा गुजरात देशात अग्रेसर आहे. अशा वनस्पतिजन्य द्रव्यांची पहिली परीक्षा उथळ, थंड व कमी क्षारांच्या तेलक्षेत्रांत घ्यावी, आणि तिची मुदत महिन्यांत मोजावी.