अर्ज टाइप करून मिळेल

संगणक येण्याच्या कितीतरी आधी केडगावात अक्षरं जुळवणारे हात होते, आणि ते बायकांचे होते. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचा स्वतःचा छापखाना होता. आश्रमातल्या मुली तिथे खिळे जुळवायला शिकल्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल तिथेच छापलं गेलं. रमाबाई १९२२ साली गेल्या, संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला.

आता अक्षरं जुळवण्याचं काम झेरॉक्सच्या दुकानात चालतं. आयटीआय झालेला मुलगा कुरकुंभ किंवा रांजणगाव एमआयडीसीतल्या कंपनीसाठी अर्ज करायला येतो. दुकानदाराकडे साचा तयारच असतो. नाव बदललं, पत्ता बदलला, प्रिंट मारली. वर्ड काय किंवा फुकटात मिळणारं लिबरऑफिस काय, मजकूर पुन्हा वापरण्याची सोय हीच त्याची ताकद, आणि घोळही तिथेच होतो. एका कंपनीच्या अर्जात शेवटच्या ओळीत दुसऱ्याच कंपनीचं नाव राहून जातं. ‘शोधा आणि बदला’ हा आदेश दिला की जुनं नाव सगळीकडून जातं; पण स्पेलिंग एका ठिकाणी वेगळं असेल तर तेवढं तसंच राहतं. म्हणून प्रिंट काढण्याआधी अर्ज एकदा वाचावाच.

मराठी अर्जाला आणखी एक विघ्न असतं: फॉन्ट. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या पद्धतीत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की अर्जाऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे फॉन्ट बदलला तरी ‘क’ हा ‘क’च राहतो. देवनागरीला तिथे १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत जागा मिळाली. तरीही काही दुकानांत जुनी सवय सुटलेली नाही. मेलने पाठवायचा अर्ज युनिकोडमध्येच टाइप करून घ्यावा आणि पीडीएफ करूनच पाठवावा.

तारीख उजवीकडे न्यायला स्पेसबार दाबत बसू नये. दुसऱ्या संगणकावर ती भलतीकडे सरकते. त्यासाठी उजव्या संरेखनाचं बटण आहे. अर्ज एका पानात बसावा. बाकीची सजावट, चौकटी, फुलाफुलांच्या कडा लग्नपत्रिकेला शोभतात.

खरा वेळ द्यावा तो मधल्या परिच्छेदाला. ‘उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करतो की’ आणि ‘मी कष्टाळू व प्रामाणिक आहे’ ही वाक्यं अर्ज वाचणाऱ्याने इतक्यांदा पाहिलेली असतात की त्याची नजर तिथे थांबतच नाही. कुरकुंभला रासायनिक कारखाने आहेत. तिथे ‘अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट हा ट्रेड उत्तीर्ण, तापमान-दाबाच्या नोंदी लॉगशीटवर ठेवण्याचा सराव, रात्रपाळीस तयार’ एवढं लिहिलं तरी माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. सरकारी लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी तर आकडाच बोलतो: मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचं प्रमाणपत्र. ते असेल तर पहिल्या चार ओळींतच यावं.

आणि दुकानातून निघताना संगणकावरची फाइल पुसायला लावावी, रिसायकल बिनमधूनसुद्धा. अर्जावर मोबाइल नंबर, जन्मतारीख, घरचा पत्ता असतो. आधारची स्कॅन प्रतही बहुतेकदा त्याच फोल्डरात पडलेली असते.