शिंगरांमधील पायांचे व सांध्यांचे जन्मजात दोष : वेळीच ओळख, वेळीच उपचार

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेडा येथे दत्तजयंतीला भरणारा घोडेबाजार असो, की नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा असो, जाणता खरेदीदार घोड्याचे पाय आधी पाहतो. दख्खनच्या पठारावर धनगर बांधवांच्या बिऱ्हाडाचे ओझे वाहणाऱ्या भीमथडी घोड्याची ओळखच मुळी त्याच्या काटक पायांमुळे आहे. या घोड्याची स्वतंत्र जात म्हणून कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे नोंद झाली आहे. घोडीचा गर्भकाळ सुमारे ११ महिन्यांचा असतो आणि एका वेळी सहसा एकच शिंगरू जन्मते. त्यामुळे वाकड्या पायांचे शिंगरू जन्मले, तर पशुपालकाचे वर्ष वाया जाण्याची भीती असते. अशा वेळी ‘आपोआप सरळ होईल’ म्हणून स्वस्थ बसणे आणि ‘आता उपयोग नाही’ म्हणून शिंगराला वाऱ्यावर सोडणे, या दोन्ही चुका घडतात. कोणता दोष थांबून पाहण्याजोगा आहे आणि कोणत्या दोषात दिवस मोजावे लागतात, हे ओळखता आले तर अनेक शिंगरे वाचतात.

पहिले काही तास

निरोगी शिंगरू जन्मानंतर साधारण एका तासात उभे राहते आणि दोन तासांत आचळाला लागते. पायांचा दोष असलेल्या शिंगराला उभे राहता येत नाही, आणि खरा धोका येथूनच सुरू होतो. घोडीच्या वारेतून गर्भाला रोगप्रतिकारक द्रव्ये जवळजवळ मिळत नाहीत. ती केवळ चिकातून मिळतात. शिंगराच्या आतड्याची ती शोषून घेण्याची क्षमता तासागणिक घटते आणि सुमारे २४ तासांत संपते. म्हणून पाय कितीही वाकडे असले, तरी पहिले काम चीक पाजण्याचे. शिंगराला आधार देऊन उभे करावे. ते शक्य नसल्यास चीक काढून पहिल्या ६ तासांत थोडा थोडा बाटलीने पाजावा. चोखण्याची शक्ती नसेल, तर चीक बळेच तोंडात ओतू नये, तो फुप्फुसात जातो. अशा वेळी पशुवैद्यकाने नाकातून नळीने चीक देणे सुरक्षित असते.

दोषांचे प्रमुख प्रकार

*आखडलेले पाय :* गुडघा किंवा खुराच्या वरचा सांधा पुढे दुमडलेला राहतो. हाताने हळुवार ताणल्यास पाय सरळ होत असेल, तर सुधारणेची आशा चांगली असते. दिवसातून अनेकदा ताण देणे, टणक जमिनीवर थोडे चालविणे आणि जाड कापसाच्या अस्तरावर खपच्या बांधणे, हे उपाय केले जातात. खपच्या काही तासांनी सोडून त्वचा तपासावी, अन्यथा जखमा होतात. ऑक्सिटेट्रासायक्लिन मोठ्या मात्रेत शिरेतून दिल्यास आखडलेला भाग सैल होण्यास मदत होते. परंतु चीक न प्यालेल्या, पाणी कमी झालेल्या शिंगराच्या मूत्रपिंडांना त्यामुळे इजा होऊ शकते. म्हणून हा उपचार पशुवैद्यकानेच करावा. सांधा हाताने मुळीच हलत नसेल, तर पाय सुधारण्याची शक्यता कमी असते. असे ताठर पाय प्रसूतीतही अडतात. पाणमोट फुटल्यावर अर्ध्या तासात शिंगरू बाहेर न आल्यास ओढाताण न करता तातडीने पशुवैद्यकास बोलवावे.

*सैल पाय :* टाच जमिनीला टेकते आणि खुराचा पुढचा भाग वर उचलला जातो. स्नायू बळकट होताच बहुतेक शिंगरे एक-दोन आठवड्यांत सुधारतात. येथे घट्ट पट्टी बांधू नये, तिने सैलपणा वाढतो. मर्यादित फिरणे आणि गरज पडल्यास टाचेमागे आधार देणारी नाल पुरेशी ठरते.

*बाजूला वळलेले पाय :* समोरून पाहिल्यास गुडघ्याखालील पाय बाहेर किंवा आत वळलेला दिसतो. गुडघ्यापाशी बाहेरचा सौम्य कल अनेक शिंगरांत असतो आणि वाढीबरोबर तो कमी होतो. मात्र वाढ होते ती हाडाच्या टोकाजवळील कूर्चेच्या पट्टीतून, आणि तिची मुदत प्रत्येक सांध्यात वेगळी असते. खुराच्या वरच्या सांध्यापाशी वेगाची वाढ पहिल्या २ ते ३ महिन्यांतच आटोपते. म्हणून तेथील वाकडेपणाबाबत पहिल्या महिन्यातच निर्णय घ्यावा. गुडघ्यापाशी सुमारे ४ ते ६ महिन्यांपर्यंत वाव असतो. कुशल नालबंदाकडून खुराची तासणी, बंदिस्त विश्रांती आणि गरज भासल्यास वाढपट्टीवर स्क्रू बसविण्याची शस्त्रक्रिया, असा उपचारांचा क्रम असतो. पाय सरळ होताच स्क्रू काढावा लागतो, नाहीतर पाय उलट बाजूस वळतो.

*अपक्व हाडे :* ३२० दिवसांपूर्वी जन्मलेल्या किंवा जुळ्या शिंगरांत गुडघ्याची व मागच्या पायाच्या मधल्या सांध्याची लहान हाडे पूर्ण टणक झालेली नसतात. पाय वरकरणी सरळ दिसले, तरी बागडताना ही हाडे दबून कायमची विकृती येते. अशा शिंगराची क्ष-किरण तपासणी करून हाडे भरेपर्यंत त्याला लहान जागेत ठेवावे.

गाभण घोडीची काळजी

गर्भाशयातील अवघडलेली स्थिती, आनुवंशिकता आणि आहार ही कारणे प्रामुख्याने सांगितली जातात. अनेकदा नेमके कारण सापडत नाही. महाराष्ट्रात एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. सुदान गवत व संकरित ज्वारीच्या हिरव्या कुरणात चरलेल्या गाभण घोड्यांना ताठर सांध्यांची शिंगरे झाल्याची नोंद अमेरिकेत आहे. ज्वारीच्या कोवळ्या पाल्यात सायनाइड निर्माण करणारे घटक असतात. म्हणून गाभण घोडीला कोवळ्या ज्वारीच्या किंवा फुटव्याच्या शेतात चरू देऊ नये. नीट वाळलेला कडबा त्या मानाने सुरक्षित असतो. पश्चिम कॅनडात आयोडीनची कमतरता व चाऱ्यातील जास्त नायट्रेट यांच्याशी निगडित थायरॉइड-विकारात आखडलेल्या पायांची शिंगरे आढळली आहेत. समतोल खनिज मिश्रण द्यावे. आयोडीनचा अतिरेकही अपायकारक असतो.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

- शिंगराला सपाट जमिनीवर उभे करून समोरून, बाजूने व मागून पाहावे. दर आठवड्याला त्याच जागी छायाचित्र घ्यावे.
- जन्मतारीख व घोडी फळल्याची तारीख लिहून ठेवावी. या दोन तारखांवरून अपक्वता आणि उपचाराची मुदत दोन्ही कळतात.
- दोन आठवड्यांत सुधारणा दिसत नसेल किंवा वाकडेपणा वाढत असेल, तर पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या शल्यचिकित्सा विभागाकडे पाठवावे. परळ येथे १८८६ पासून कार्यरत असलेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय ही राज्यातील अशी केंद्रे आहेत.
- एकाच जोडीपासून पुन्हा दोष आढळल्यास ते मीलन टाळावे.