फौंड्रीची काळी वाळू : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत फौंड्रीमागचे काळ्या वाळूचे ढीग पाहिले की माणूस सहज म्हणतो, ‘हे विषारी असणार.’ पण निव्वळ रंगावरून तसं ठरवता येत नाही. बिडाच्या ओतकामासाठी ओलसर वाळूचा साचा करतात. त्यात 85 ते 95 टक्के सिलिका वाळू असते. सिंधुदुर्गात कासार्डे परिसरात खणतात तीच ही पांढरट वाळू. उरलेल्या भागात बेंटोनाइट माती, थोडं पाणी आणि दगडी कोळशाची भुकटी. काळेपणा येतो तो या भुकटीमुळे. वितळलेल्या धातूचा रस साच्यात पडला की ती जळते. तिच्या वायूमुळे आणि कार्बनच्या पातळ थरामुळे वाळू कास्टिंगला चिकटून बसत नाही.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2014 मध्ये लोखंड, पोलाद आणि ॲल्युमिनियमच्या ओतकामातली सिलिका वाळू तपासली. रस्त्याच्या थरात आणि बागेच्या तयार मातीत ती वापरायला त्यांनी हरकत घेतली नाही. मात्र पितळ आणि कांशाच्या फौंड्रीची वाळू या निष्कर्षातून वगळलेली आहे, कारण तिच्यात शिसं, तांबं, जस्त उतरू शकतं. म्हणून ‘फौंड्रीची वाळू सगळी सारखीच’ हा समज मला पहिल्यापेक्षा जास्त घातक वाटतो. कोअरसाठी, म्हणजे कास्टिंगच्या आतली पोकळ जागा घडवणाऱ्या गाभ्यासाठी, फिनॉलिक किंवा फ्युरान रेझिन वापरलेली वाळूही वेगळीच. हे सगळं एकाच ढिगात ओतलं की चांगली वाळूही वाया जाते, आणि तपासणीचा नमुना नेमका कशाचा घेतला हेही सांगता येत नाही.

एकदा ओतकाम झालं की वाळू संपली, असंही अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात तीच वाळू चाळून, पाणी आणि बेंटोनाइट घालून पुन्हा पुन्हा साच्यात जाते. जुना मोल्डर ती मुठीत दाबून बघतो. बोटांचे ठसे स्वच्छ उठले आणि गोळा मोडताना कड धारदार राहिली, तर वाळू कामाची. पण रसाला लागून असलेलं बेंटोनाइट दरवेळी भाजून निघतं. त्यातलं बांधलेलं पाणी उडालं की त्याची पकड परत येत नाही. ही मेलेली माती कणांवर थरांनी चढते, बारीक भुकटी वाढते, साच्यातून वायूला वाट मिळेनाशी होते आणि कास्टिंगमध्ये पोकळ्या राहतात. म्हणून काही वाळू काढून तिच्या जागी नवी घालावी लागते. निघालेली वाळूही वाया गेलेली नसते. उदाहरणार्थ, रेझिनची वाळू 700 अंशांच्या आसपास तापवली की रेझिन जळून जातं आणि कण पुन्हा कोअरला चालतात.

काँक्रीटच्या बाबतीत उत्साह उलट टोकाला जातो : नदीची वाळू महाग आहे ना, मग सगळी हीच घाला! पण फौंड्रीच्या वाळूचे कण फार बारीक आणि एकाच मापाचे असतात, बहुतेक 0.6 ते 0.15 मिलिमीटरमधले. माती आणि कोळसा जास्तीचं पाणी मागतात. पतियाळाच्या थापर संस्थेतील रफत सिद्दीक आणि सहकाऱ्यांनी काँक्रीटमधली 10, 20 आणि 30 टक्के वाळू काढून तिच्या जागी फौंड्रीची वाळू घालून पाहिली, तेव्हा ताकद थोडी वाढली. हे प्रमाण भागशः बदलाचं आहे, पूर्ण बदलाचं नाही. आणि तेही स्थानिक वाळूचं मिश्रण प्रयोगशाळेत तपासूनच.

एक धोका मात्र खरा आहे, आणि त्याबद्दल बोललं जातं कमी. साचा फोडताना, चाळताना आणि ट्रक भरताना उडणाऱ्या अतिबारीक सिलिका धुळीने सिलिकोसिस होतो. त्यात फुप्फुसांवर पडलेले व्रण भरून येत नाहीत. ढिगावर पाणी मारणं, धूळ ओढणारी यंत्रणा चालू ठेवणं आणि ट्रक भरणाऱ्या माणसाला तोंडावरच्या रुमालाऐवजी कणरोधक मास्क देणं, हा खर्च वाळूच्या दरात धरूनच तिचा व्यवहार व्हायला हवा.