ती सगळ्यांनाच ‘अरे’ म्हणते

(ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘अ‍ॅक्च्युअली’ जमतील तेवढे काढलेत. राहिलेले सांभाळून घ्या.)

आजच्या भागात मी स्वतःचीच लाज काढणार आहे, त्यामुळे स्पीकरवर ऐकत असाल तर हेडफोन लावा. बायकोने हा भाग आधी ऐकलाय. दोन ठिकाणी कापायला लावलं आणि एका ठिकाणी म्हणाली, "हे राहू दे, हे खरंय."

आजचा विषय आहे सलगी. म्हणजे आपला नवरा किंवा बायको बाहेरच्या लोकांशी जरा जास्तच मोकळेपणाने वागते, टाळ्या देते, खांद्यावर हात ठेवते, टोपणनावाने हाक मारते, आणि आपल्या पोटात काहीतरी होतं. ते जे ‘काहीतरी’ होतं ना, ते नक्की काय असतं आणि त्याचं करायचं काय, हे बघू.

आधी माझी गोष्ट. मी पुण्याचा, पेठेतला. आमच्या वाड्यात तीस वर्षं शेजारी राहिलेल्या माणसालासुद्धा ‘अहो’च म्हणायचे. बायको कोल्हापूरची. तिच्याकडे रस्त्यात भेटलेला माणूस दुसऱ्या मिनिटाला ‘भावा’ होतो आणि मुलीसुद्धा बिनधास्त ‘मी आलो, मी जेवलो’ म्हणतात. लग्नाआधी मला हे फार गोड वाटायचं. लग्नानंतरही वाटायचं, पण फक्त माझ्याशी बोलताना.

गेल्या वर्षी सोसायटीच्या गणपतीत आरती झाली, प्रसाद वाटून झाला, आणि चौथ्या मजल्यावरच्या एका मुलाच्या पाठीत धपाटा घालून ही म्हणाली, "येड्या, सगळे मोदक तूच संपवलेस की काय?"

झालं एवढंच. आजूबाजूला पंधरा माणसं, त्यात त्याची आईसुद्धा होती, सगळे हसले. मीही हसलो. पण ‘येड्या’ हा माझा शब्द होता हो. मला वाटायचं की तो तिने माझ्यासाठी काढलाय. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता थोडं समजून घेऊ, कारण मला कळायला बरेच महिने लागले.

मराठीत माणसामाणसातलं अंतर मोजायची पट्टी भाषेतच दिलेली आहे. तू, तुम्ही, आपण. अरे, अगं, अहो. आई कायम ‘अगं’, बाबा कित्येक घरांत अजून ‘अहो’. माझ्या आजीने आजोबांचं नाव घेतलं ते फक्त उखाण्यात. विचार करा, जिथे नवऱ्याचं नाव घ्यायलासुद्धा यमक जुळवायला लागायचं, तिथे परक्या पुरुषाला ‘येड्या’ म्हणणं म्हणजे केवढी उडी! आईच्या पिढीत एखादी बाई एखाद्या पुरुषाला ‘अरे’ म्हणत असेल तर तो बहुतेक भाऊ, मुलगा नाहीतर शाळेपासूनचा मित्र. त्यामुळे ‘अरे’ ऐकलं की जवळीक आहे, हा अंदाज तेव्हा बऱ्यापैकी बरोबर यायचा.

आज आमच्या ऑफिसमध्ये बावीस वर्षांची इंटर्न पन्नाशीच्या मॅनेजरला ‘अरे’ म्हणते. शब्द तोच, वजन गेलं. आपल्या डोक्यातला सेन्सर मात्र आई-आजीच्या काळात सेट केलेला आहे.

ज्यांनी सर्व्हर सांभाळलेत त्यांना हे लगेच कळेल. अलर्टची मर्यादा फार खाली ठेवली की रात्री तीनला फोन वाजतो आणि काहीच झालेलं नसतं. फार वर ठेवली तर साइट पडलेली सकाळी ग्राहकाकडून कळते. चूक दोन्हीकडे होणारच, कुठली परवडते ते ठरवायचं. २००० साली मार्टी हॅजल्टन आणि डेव्हिड बस या दोन मानसशास्त्रज्ञांनी नेमकं हेच माणसाच्या मनाबद्दल मांडलं. मन अचूक असण्यापेक्षा स्वस्तातली चूक निवडतं, असं त्यांचं म्हणणं, आणि पुरुष समोरच्या बाईच्या साध्या वागण्यात जास्त रस आहे असं का धरून चालतात, ते त्यांनी यातून समजावलं. उत्क्रांतीच्या गोष्टी मला एरवी जरा जास्तच सोयीच्या वाटतात, पण ही अलर्टची गोष्ट पटते.

याच्याही आधीचा एक प्रयोग मला जास्त आवडतो. अँटोनिया अ‍ॅबी नावाची संशोधक मैत्रिणींबरोबर कॉलेजजवळच्या एका गर्दीच्या बारमध्ये बसली होती. टेबलावर दोन अनोळखी पुरुष होते. गाणं थांबलं तेव्हा या मुली त्यांच्याशी सहज बोलल्या. पुरुषांनी त्याचा भलताच अर्थ काढला आणि शेवटी मुलींना टेबल सोडून उठावं लागलं. तिने याचाच प्रयोग केला, तो १९८२ साली छापून आला. एक मुलगा आणि एक मुलगी पाच मिनिटं गप्पा मारणार. आणखी एक मुलगा आणि एक मुलगी लपून त्या बघणार. नंतर चौघांना विचारायचं, काय वाटलं? तर त्याच मुलीचं तेच बोलणं मुलांना मुलींपेक्षा जास्त ‘तसलं’ वाटलं. बोलणाऱ्या मुलालाही आणि लपून बघणाऱ्यालाही.

गणपतीच्या मांडवात तो लपून बघणारा मुलगा मी होतो. फक्त लपलेलो नव्हतो, हातात आरतीचं ताट होतं.

आता लाजेचा भाग. सोसायटीचं पत्रक प्रिंट करायला बायकोने माझ्या लॅपटॉपवर व्हॉट्सअ‍ॅप उघडलं होतं आणि लॉगआउट करायची राहिली होती. ती झोपल्यावर मी त्यात त्या मुलाचं नाव टाकून शोधलं.

काय सापडलं? पाण्याचा टँकर. ढोलवाल्याचा अ‍ॅडव्हान्स. लिफ्ट बंद पडल्यावरच्या शिव्या. एक मीम, त्यावर त्याचे हसून लोळणारे चार इमोजी. मी सुटकेचा श्वास टाकायला हवा होता. त्याऐवजी मी वेळा बघायला लागलो. रात्री पावणेबारा? टँकरबद्दल रात्री पावणेबाराला कोण बोलतं? दुसऱ्या रात्री परत उघडलं. तिसऱ्या रात्री परत.

कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातल्या तीन संशोधकांनी २००९ साली ३०८ कॉलेजवयीन मुलामुलींचा अभ्यास केला होता, फेसबुक आणि मत्सर यावर. जितका वेळ फेसबुकवर जास्त, तितका मत्सर जास्त, असं त्यात दिसलं. हा एक फीडबॅक लूप असू शकतो, असं त्यांनी म्हटलं. मत्सर वाटतो म्हणून माणूस बघायला जातो. तिथे अर्धवट, मागचापुढचा संदर्भ नसलेलं काहीतरी दिसतं. त्याने मत्सर वाढतो, म्हणून तो आणखी बघतो. आम्ही इंजिनिअर लोक ज्याला इन्फिनिट लूप म्हणतो, आणि ज्यातून बाहेर पडायची अट लिहायची आपण विसरलेलो असतो, तेच हे. एड्सगर डाइक्स्ट्रा हा संगणकशास्त्रज्ञ सांगायचा की टेस्टिंगने बग आहे एवढंच दाखवता येतं, बग नाहीच हे सिद्ध करता येत नाही. बायकोचे मेसेज तपासून ‘काही नाही’ हे कधीच सिद्ध होणार नव्हतं. प्रत्येक रिकाम्या चॅटनंतर एकच प्रश्न उरायचा, डिलीट केलं असेल का?

आणि ते मीम आहे ना, ते तिने त्याच संध्याकाळी त्याच्या आधी मला पाठवलं होतं. मी त्यावर अंगठा टाकला होता. हे मला चौथ्या रात्री दिसलं. (हेच ते, बायको म्हणाली राहू दे.)

पाचव्या दिवशी पोहे खाताना तिने विचारलं, "रात्री सव्वा वाजता माझं व्हॉट्सअ‍ॅप कोण वाचत होतं?" जोडलेल्या डिव्हाइसपुढे शेवटचं कधी वापरलं ती वेळ दिसते, मंडळी. मी बीटेक आहे आणि मला हे सुचलं नाही.

भांडण झालं नाही, झालं असतं तर बरं. ती एवढंच म्हणाली, "मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. आता काहीही सांगितलं तरी तू ते पुरावा म्हणूनच ऐकणार." पुढचे दहा-बारा दिवस ती लिफ्टमध्ये कुणाशी बोलली नाही. वॉचमनकाकांना नुसती मान हलवली. माझे बाबा, ज्यांना आमच्या घरात आवाज चढवून कुणी काही बोलत नाही, त्यांना ती रोज फोन करून "काय बाबा, आज परत शेव चोरून खाल्ली ना?" असं विचारायची, तो फोनही बंद. बाबांनी मला विचारलं, "बरी आहे ना रे ती?" मला जे हवं होतं ते मिळालं होतं आणि घर एकदम गप्प झालं होतं.

तेव्हा कळलं की मी चुकीचा आकडा बघत होतो. मशीनचा लोड नव्वद टक्के आहे म्हणजे बिघाड आहेच असं नाही, ते मशीन रोजच नव्वदवर चालत असेल. बघायचं असतं ते नेहमीपेक्षा काय बदललं. भाजीवाला, वॉचमनकाका, बाबा, चौथ्या मजल्यावरचा, सगळ्यांशी ती तशीच होती. त्या महिन्यात नेहमीपेक्षा वेगळं वागणारा घरात एकच होता, आणि तो रात्री एकला लॅपटॉप उघडून बसायचा.

पण इथे दुसरी बाजू सांगायलाच हवी, नाहीतर कुणीतरी हा भाग आपल्या बायकोला पाठवून म्हणेल, "बघ, तूच संशयी आहेस."

माझी एक कॉलेजची मैत्रीण आहे. तिचा नवरा ‘सगळ्यांशीच असा’. तीही स्वतःला हेच समजावत राहिली. मग एकदा ऑफिसच्या पार्टीत त्याची एक सहकारी तिला म्हणाली, "तुमच्या सासूबाईंचं तसं झालं ते कळलं, वाईट वाटलं." जे भांडण हिने स्वतःच्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं, ते त्या बाईला तपशीलवार माहीत होतं. हिने घरी विचारलं तर उत्तर, "तू फार संशयी झालीयेस."

शर्ली ग्लास नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने २००३ साली लिहिलेल्या ‘नॉट जस्ट फ्रेंड्स’ या पुस्तकात यासाठी खिडक्या आणि भिंती असं सोपं चित्र वापरलंय. नवरा-बायकोमध्ये खिडकी असावी आणि दोघांभोवती मिळून भिंत. जेव्हा घरातलं बाहेर कळतं पण बाहेरचं घरात कळत नाही, तेव्हा खिडकी आणि भिंत यांची अदलाबदल झालेली असते. किती हसले, किती वेळा टाळी दिली, यातून हे कळत नाही. माझी बायको पंधरा माणसांसमोर धपाटा घालत होती. मैत्रिणीचा नवरा चारचौघांत अगदी सभ्य होता. लपवाछपवी आमच्याही घरात चालली होती, पण ती माझी.

सलगी करणारा पुरुष असेल तर आणखी एक प्रश्न येतो, आणि तो बायकोच्या विश्वासाच्याही आधीचा आहे. ज्या बाईच्या खांद्यावर तो हात ठेवतोय, तिला ते चालतंय का? कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा समोरच्या बाईला ते नकोसं होतं का, हेच बघतो. ‘माझा स्वभावच मोकळा आहे’ हे उत्तर तिथे चालत नाही आणि चालू नये.

तरी गंमत बघा, पुरुष असा असला की तो ‘माणसं जोडणारा’. बाई असली की ‘जरा जास्तच’. हे नुसतं शेजारपाजारचं बोलणं नव्हतं. सप्टेंबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द करेपर्यंत आपल्या दंडसंहितेत कलम ४९७ होतं. त्यात परक्या विवाहितेशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला शिक्षा होती, पण तिच्या नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही. आणि नवरा दुसरीकडे गेला तर बायकोला तक्रार करायची सोय नव्हती. म्हणजे विश्वास मोडण्यापेक्षा मालकी मोडण्याचाच तो गुन्हा. मी स्वतःला फार पुढारलेला समजायचो, पण ‘माझा शब्द तिने दुसऱ्याला दिला’ हे वाक्य परत वाचलं तर ते त्याच जुन्या वहीतलं आहे.

आम्ही काय केलं? फार काही नाही. मी माफी मागितली, तिने लगेच दिली नाही, तीनेक महिने लागले. बाबांचा फोन मात्र लवकर सुरू झाला. एकमेकांच्या फोनचे पासवर्ड द्यायचे का, यावर बोललो आणि नको म्हटलं. दिले असते तर मी परत बघितलं असतं. ठरलं एवढंच, की काही खटकलं तर त्याच दिवशी सांगायचं, कितीही बालिश वाटलं तरी. आणि ऐकणाऱ्याने ‘तू संशयी आहेस’ म्हणायचं नाही. ती म्हणाली, "मी कुणाला काय हाक मारायची ते तू ठरवणार नाहीस. पण तुला लागलं, हे मला त्याच रात्री कळायला हवं होतं."

परवा लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरचा भेटला. ही म्हणाली, "काय भावा, जाड झालास!" आणि त्याच्या पोटावर टिचकी मारली. पोटात परत तेच झालं. पार्किंगमध्ये गाडी काढता काढता मी सांगून टाकलं, "आत्ता परत टोचलं."

ती हेल्मेटची क्लिप लावत म्हणाली, "अजून? अरे, भावा म्हटलं ना त्याला. येड्या तर नाही म्हटलं."

चला, भेटू पुढच्या भागात.